‘सकाळ’चा इतिहास पानांच्या आणि पैशांच्या हिशेबात वाचावा

प्रश्न असा आहे: पुण्यात ‘केसरी’सारखं पत्र असताना १९३२ साली निघालेल्या ‘सकाळ’ला मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात वेगळी जागा का दिली जाते? आणि आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या दैनिकाचा इतिहास लिहायचा झाला तर सुरुवात कुठून करायची? विचारणाऱ्याने हेही लिहिलंय की, जे काही वाचायला मिळालं त्यात संस्थापकाचं चरित्र आणि गाजलेले अग्रलेख यापलीकडे काही सापडलं नाही.

मी ‘सकाळ’मध्ये कधी नोकरी केली नाही. एका जिल्हा दैनिकात आधी तालुका वार्ताहर, मग उपसंपादक अशी चौतीस वर्षं काढली. त्यामुळे ‘सकाळ’कडे मी शेजारच्या घराकडे बघावं तसं बघत आलो. पहाटे स्टँडवर त्यांचा गठ्ठा आमच्या गठ्ठ्याशेजारीच पडायचा.

सरळ उत्तर द्यायचं तर, ‘सकाळ’च्या आधीची बहुतेक मराठी पत्रं मतांसाठी निघाली होती. ‘सकाळ’ बातमीसाठी निघाला. वाक्य एवढंसं आहे, पण ते अमलात आणायला काय काय लागतं हे ज्याने पाने लावली आहेत त्यालाच कळतं.

पार्श्वभूमी आधी बघा. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं. ‘सकाळ’चा पहिला अंक १ जानेवारी १९३२ चा. म्हणजे मराठी वृत्तपत्राला शंभर वर्षं पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना हा अंक निघाला. त्या शंभर वर्षांत काय झालं होतं? पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघालं आणि १९०४ मध्ये दैनिक झालं. ‘केसरी’ १८८१ पासून होता, पण तो रोज निघत नसे. त्याचं दैनिक व्हायला १९६२ साल उजाडलं. मुंबईत अच्युतराव कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने १९१५ पासून बातमी चटकदार करून दाखवली आणि १९२३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा ‘नवाकाळ’ आला. ही सगळी मोठी माणसं. पण या पत्रांचा वाचक बातमी वाचायला येत नसे, तो संपादक काय म्हणतो ते वाचायला येत असे. लोक ‘आज केसरीत काय म्हटलंय?’ असं विचारत. ‘काल काय झालं?’ हे विचारायला चावडी होती, बाजार होता.

डॉ. नारायण भिकाजी परुळेकर, म्हणजे सगळ्यांचे नानासाहेब, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. तिथली वृत्तपत्रं त्यांनी आतून बघितली होती. तिथून त्यांनी आणलेली गोष्ट म्हणजे यंत्रं नव्हेत, भांडवल तर नव्हेच. त्यांनी आणली ती एक सवय: आपल्या गावात काल काय घडलं हे आज सकाळी माणसाच्या हातात पडलं पाहिजे, आणि ते पक्षाचा चष्मा न लावता पडलं पाहिजे.

मुहूर्तही कसा होता बघा. अंक निघून तीन दिवस झाले आणि ४ जानेवारी १९३२ ला मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्यांना ठेवलं येरवड्याच्या तुरुंगात, म्हणजे पुण्यातच. त्याच साली सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचं उपोषण झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. देशाची सगळ्यात मोठी बातमी नव्या दैनिकाच्या दारापासून काही मैलांवर घडत होती. दुसऱ्या बाजूला १९३१ चा प्रेस कायदा मानेवर होता. छापखान्याकडून जामीन मागायचा, मजकूर आवडला नाही तर तो जप्त करायचा, हे त्या कायद्याने सरकारला सोपं करून ठेवलं होतं. अशा वर्षात नवं दैनिक काढणं म्हणजे छातीचं काम होतं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते येरवडा नाही. मोठी बातमी आली की ती कोणीही छापतो. खरी कसोटी आहे ती बार्शीची, कराडची, जुन्नरची चार ओळींची बातमी. परुळेकरांनी गावोगाव बातमीदार नेमले आणि त्यांच्या बातमीला पानावर हक्काची जागा दिली. पुण्याबाहेरचा माणूस तोवर वर्गणीदार होता. आता तो बातमीचा विषयही झाला. आपल्या गावचं नाव छापलेलं बघण्याचा आनंद ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पारावर एक माणूस मोठ्याने वाचतोय, बाकीचे ऐकताहेत, आणि गावाचं नाव आलं की तो थांबून तेवढी ओळ पुन्हा वाचतो. माझ्या वडिलांना मी असं वाचताना बघितलंय.

आता ही चार ओळींची बातमी छापायला काय लागायचं ते सांगतो, कारण नव्या पिढीला हे माहीत असण्याचं कारण नाही.

खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी होती. इंग्रजीचं काम वरची केस आणि खालची केस अशा दोन खोक्यांत भागतं. मराठीला अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार. जुळाऱ्याच्या भोवती अशा खोक्यांचा घेरच असायचा. उजव्या हाताने खोक्याच्या घराघरातून खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटा लावायचा, ओळ भरली की गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, सोडायची. आमच्याकडचे एक बुजुर्ग जुळारी कागदाकडे बघत आणि हात आपोआप घरात जाई. केसकडे त्यांची नजर गेलेली मी बघितली नाही. गॅलीवर शाई फिरवून प्रूफ काढायचं, ते ओलसर प्रूफ मुद्रितशोधकाकडे, दुरुस्त्या चिमट्याने करायच्या, मग सगळी गॅली चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळून पान मशिनवर. अंक निघाला की पान सोडायचं आणि हजारो खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, कारण उद्या तेच लागणार. या व्यवस्थेत चार ओळींची बातमी ही चार ओळींची नसते. अर्ध्या तासाची मजुरी, तेवढे खिळे आणि तेवढी जागा असा तिचा हिशेब असतो. अग्रलेख दुपारीच जुळवून ठेवता येतो. बातमी रात्री अकराला येते. म्हणून मतपत्र चालवणं स्वस्त होतं आणि वृत्तपत्र चालवणं महाग.

त्या खिळ्यांनी मला एक धडा दिला, तो इथेच सांगतो. मी उपसंपादक होऊन वर्षही झालं नव्हतं. बाजारभावाचं पान माझ्याकडे होतं. गुळाच्या भावात एक आकडा चुकला. आदल्या दिवशी पान सोडताना पाचाचा खिळा तिनाच्या घरात पडला होता, जुळाऱ्याने सवयीने उचलला, आणि मी प्रूफ वाचताना आकडे नुसते नजरेखालून घातले. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी कचेरीत आले. धोतराच्या सोग्यात अंकाची घडी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर उलगडली आणि आकड्यावर बोट ठेवलं. हा भाव बघून त्यांनी गाडी भरून गूळ आणला होता. ते भांडले नाहीत. ‘छापलंय म्हणून आलो,’ एवढंच म्हणाले. आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण त्यांचं भाडं गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून मी अग्रलेखाच्या आधी बाजारभावाचं प्रूफ वाचत आलो, निवृत्त होईपर्यंत.

बातमी मिळाली, जुळली, छापली, तरी काम संपत नाही. ती गावात पोचायची कशी? पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे तेव्हा मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची, आणि ती रूळ असतील तिथेच जायची. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर ते पुणे धावली, आणि माझ्या मते त्या तारखेला मराठी दैनिकांच्या इतिहासातही जागा मिळायला हवी. कारण मग रस्ता जाईल तिथे गठ्ठा जाऊ लागला. आणि तीच गाडी परत येताना आमच्या बातम्या आणायची. मी वार्ताहर होतो तेव्हा दुपारी अडीचच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचो. वर मोठ्या अक्षरात ‘बातमी – तातडीची’. कचेरीचा शिपाई स्टँडवर उभा असायचा. फारच मोठं काही असलं तर तार, नाहीतर ट्रंक कॉल लावून तास-दोन तास पोस्टात बसायचं. त्यात गाडी चुकली की बातमी शिळी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तिकडे येतो. विचारणाऱ्याने वाचलेल्या लेखांत ती नसावी, कारण ती वृत्तपत्रवाल्यांपेक्षा वकिलांना जास्त माहीत आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ हा खटला शिकवला जातो. पुण्याच्या एका मराठी दैनिकाचं नाव देशाच्या घटनेच्या अभ्यासात कायमचं जाऊन बसलं आहे.

झालं असं. संसदेने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांचं प्रमाण ठरवणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. अमुक किंमत असेल तर आठवड्याला इतकीच पानं. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. पुरवणी काढायची तर सरकारची परवानगी घ्या.

‘सकाळ’ने न्यायालयात स्वतःची जी माहिती दिली तिच्यावरून त्या वेळचं पत्र डोळ्यांसमोर उभं राहतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून रोजचा खप ५२,००० आणि रविवारचा ५६,०००. आठवड्यात पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं. किंमत सात नवे पैसे. रविवारी दहा पानं, बारा नवे पैसे. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना, बाकी मजकुराला. आणि आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही, हे स्पष्ट म्हटलेलं.

हिशेब करून बघा. पाच दिवस सहा म्हणजे तीस, अधिक चार, सहा दिवसांची चौतीस पानं. आदेशाप्रमाणे सात पैशांत सहा दिवसांत चोवीसच पानं देता येणार होती. म्हणजे एक तर आठवड्याला दहा पानं कापायची, नाहीतर किंमत आठ पैसे करायची. दहा पानांतून जाहिरातींचे चाळीस टक्के वजा केले तरी सहा पानं मजकूर जातो. आणि कोणता मजकूर जातो? डेस्कवर बसलेला कोणीही सांगेल. दिल्ली जात नाही, मुंबई जात नाही, अग्रलेख जात नाही. कात्री पहिली चालते ती तालुक्याच्या बातमीवर. एक पैसा वाढवला तर? आज ऐकायला काही वाटत नाही, पण महिन्याचे सव्वीस पैसे वाढले की वाचक अंक बंद करून शेजाऱ्याकडे वाचायला जातो. एजंट परतीचा गठ्ठा वाढवून पाठवतो. खप घसरला की जाहिरातीचा दर घसरतो. मग पानं आपोआपच कमी होतात.

सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं मी म्हणणार नाही. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्ये किंमत-पानांचं कोष्टक सुचवलं होतं ते लहान पत्रांची कीव येऊनच. मोठ्या भांडवलाचे समूह कमी किंमतीत ढीगभर पानं देतात आणि भाषिक पत्रं चिरडली जातात, ही भीती खरी होती. आम्ही जिल्ह्यातल्यांनी ती पुढे अंगावर झेलली. मुंबई-पुण्याच्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या, चकचकीत पुरवण्या आल्या, आणि आमच्यासारख्यांचा खप बघता बघता गळला. तेव्हा आमच्यातले कित्येक जण म्हणत, तो कायदा राहिला असता तर बरं झालं असतं.

माझं मत तरीही ‘सकाळ’च्या बाजूचं आहे आणि ते पूर्ण विचारांती आहे. ज्या पत्रांना वाचवायला म्हणून कायदा आणला, त्यांपैकीच एक, प्रादेशिक भाषेतलं, स्वतंत्र मालकीचं पत्र त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, यातच उत्तर आहे. पानं किती ते सरकार ठरवणार आणि पुरवणीला परवानगी सरकार देणार, तर मजकुरावर हात ठेवायची वेगळी गरजच उरत नाही. शिवाय या प्रकरणात ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. वाचकाने म्हणायचं की माझ्या अंकाची पानं कमी करू नका, आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत जायचं! एखाद्या दैनिकाने तीस वर्षांत काय कमावलं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

निकाल लागला २५ सप्टेंबर १९६१ ला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचं निकालपत्र लिहिलं न्या. ज. र. मुधोळकर यांनी. कायद्याचं ते कलम आणि आदेश दोन्ही रद्द झाले. न्यायालयाने सांगितलं ते थोडक्यात असं: भाषणस्वातंत्र्यात नुसतं छापणं येत नाही, किती लोकांपर्यंत पोचायचं तेही येतं, आणि वृत्तपत्र हा धंदा आहे म्हणून धंद्याचं नियमन करतो असं सांगून सरकारला त्या स्वातंत्र्याला हात लावता येणार नाही. पुढे न्यूजप्रिंटच्या, म्हणजे वृत्तपत्री कागदाच्या, कोट्यावरून १९७२ मध्ये देशातल्या बड्या इंग्रजी समूहांनी खटला जिंकला तेव्हा त्याच्या मुळाशी हाच निकाल होता. सात पैशांच्या मराठी अंकाने घातलेल्या पायावर ती इमारत उभी राहिली.

त्याच वर्षी, निकालाच्या अडीच महिने आधी, १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. त्याबद्दल एवढंच म्हणेन की, कोणत्या पेठेत पाणी किती चढलं, कोणता पूल बंद, कोण कुठल्या शाळेत आसऱ्याला आहे, हे ज्या दिवशी माणसाला हवं असतं त्या दिवशी स्थानिक दैनिक म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नानासाहेब १९७३ च्या जानेवारीत गेले. पुढे श्री. ग. मुणगेकरांनी संपादकपद सांभाळलं. ऐंशीच्या दशकात कंपनीची मालकी पवार कुटुंबाकडे गेली, शेअर्सच्या हस्तांतरावरून परुळेकरांच्या कन्येने दिलेली न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये संपली. त्यानंतरचा ‘सकाळ’ म्हणजे अनेक आवृत्त्यांचा मोठा समूह. तो इतिहास वेगळा आहे आणि माझ्यापेक्षा आतल्या माणसांनी लिहावा.

आता दुसरा प्रश्न, तुमच्या जिल्ह्यातल्या दैनिकाचा. अग्रलेखांपासून सुरुवात करू नका. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, छपाईचं ठिकाण अशी ओळ असते. दर पाच वर्षांनी ती उतरवून घ्या. छापखाना कधी बदलला, प्रकाशक कधी बदलला, हे तिथे सापडतं आणि घरच्यांच्या आठवणींपेक्षा ते पक्कं असतं. मग दरवर्षीच्या मार्चमधले पहिले अंक काढा. १९५६ च्या नियमांनी प्रत्येक पत्राला ‘फॉर्म ४’ नावाचं निवेदन छापणं भाग पडलं. मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भाग कोणाकडे, सगळं त्यात असतं. वाचक ते कधी वाचत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने ते आधी वाचावं. जिल्हाधिकारी कचेरीत १८६७ च्या कायद्याखाली केलेली जुनी प्रतिज्ञापत्रं मिळतात का तेही विचारा. कधी एका टेबलावर नाही म्हणतात आणि दुसऱ्यावर गठ्ठा निघतो.

अंकांच्या फाइली कचेरीत नसतील तर गावच्या नगर वाचनालयात बघा, नाहीतर मोठ्या ग्रंथसंग्रहालयांकडे वळा. कागद फार ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना कोपऱ्याला धरू नका, खालून तळहात सरकवा.

आणि माणसं गाठा, पण संपादकांच्या आधी एजंट गाठा. जुन्या एजंटाकडे वही असते. कोणत्या गावाला किती प्रती, परत किती, उधारी कोणाची. आमच्या गावच्या एजंटाकडची अशी एक वही मी बघितली आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. कोणत्या साली कोणत्या गावाला पहिली पाच प्रतींची पुडी सुरू झाली हे त्यात ओळीने लिहिलेलं होतं. गावात रस्ता कधी आला, शाळा कधी सुरू झाली, हे त्या आकड्यांवरून कळत होतं. अशा वह्या रद्दीत जातात. तुमच्या एजंटांपैकी जे कोणी सत्तरीच्या पुढचे असतील त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, आणि जाताना मोबाइल चार्ज करून न्या, म्हणजे वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथल्या तिथे काढता येईल.